पाच मिनिटं त्याचं ऐकायचं नाही

बाइंडिंगच्या कारखान्यात सगळे त्याला नाटक्या म्हणायचे, आणि ही पदवी त्याने स्वतःच्या कष्टाने मिळवली होती. लहानपणापासून फिट यायची ती खरी. पण एकदा गोदामाची साफसफाई टाळायला त्याने खोटीही आणली, आणि कुणी बघतंय का हे पाहायला एक डोळा उघडला तर समोर मालक. तेव्हापासून त्याच्या शब्दावर कुणी मांजरसुद्धा सांभाळायला दिलं नसतं.

शेवटची खरी फिट आली ती नेमकी कटिंग मशीनपुढे. पातं वर होतं म्हणून दहाच्या दहा बोटं शाबूत राहिली. मालकांनी त्याच दिवशी त्याला खळीच्या टेबलावर बसवलं. म्हणाले, दोन वर्षं फिटशिवाय काढ, डॉक्टरीणबाईंचा कागद आण, मशीन परत तुझं. आता त्या दोन वर्षांना चार दिवस उरले होते. नाटक्याला ते मशीन हवंच होतं. पायाने पेडल दाबलं की पाचशे कागद एका घासात कापायचं. आपल्या हातून आयुष्यात सरळ झालेलं तेवढं एकच काम, असं तो बायकोला सांगायचा.

पण दोन वर्षं टेबलावर वाकून खळ फासल्याचं बक्षीस म्हणून त्याला सायटिका मिळाली होती. कमरेतून निघालेली कळ ढुंगणातून, मांडीमागून थेट डाव्या करंगळीपर्यंत फिरायला जायची. त्याने ती लपवली. ‘याला काहीतरी होतंय’ एवढं कानावर आलं असतं तरी मालकांनी नक्की काय होतंय ते विचारलं नसतं. लंगडणं दिसू नये म्हणून तो ठुमकत चालायचा. लोक हसायचे, काम भागायचं.

मंगळवारी पुठ्ठ्यांचा गठ्ठा उचलताना अशी कळ आली की गडी सपशेल आडवा. डावा पाय आपला आपणच झटके देऊ लागला.

आता फिट आली तर काय करायचं, हे त्यानेच सगळ्यांना शिकवलं होतं. दर सहा महिन्यांनी, जेवणाच्या सुट्टीत, स्वतः फरशीवर लोळून. कुशीवर वळवा. तोंडात काही कोंबू नका. घड्याळ लावा, पाच मिनिटांच्या वर गेली तर अँब्युलन्स बोलवा. आणि शेवटचा नियम त्याने मोठ्या ऐटीत जोडला होता: फिटेत न् फिटेनंतर मी काय बोलतो ते मला कळत नाही, तेव्हा पाच मिनिटं माझं ऐकायचं नाही.

विद्यार्थी हुशार निघाले. शिलाईवाल्या मावशींनी घड्याळ लावलं. जाड्याने, म्हणजे सध्या मशीन चालवणाऱ्याने, त्याला कुशीवर वळवलं. नेमकं डाव्या.

“अरे, फिट नाही, कंबर आहे,” नाटक्या कळवळला.

“बरळायला लागला,” मावशी म्हणाल्या. “एक मिनिट झालं.”

त्याने वार सांगितला, तारीख सांगितली, मावशींचे तिन्ही जावई कुठे नोकरीला आहेत तेही सांगितलं. मावशी हळहळल्या. धाकट्याची नोकरी सुटून महिना झालाय, म्हणाल्या, बिचाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाहीये.

मग पाळण्यातल्या बाळासमोर बोलावं तसे दोघं त्याच्या डोक्यावर गप्पा मारायला लागले. जाड्याने उसासा सोडला.

“शनिवारी मशीन मिळणार होतं याला. पण एका अर्थी बरंच झालं, मावशी. याचं कटिंग कायम दोन सूत तिरकं. मशीन याच्याकडे होतं ती अकरा वर्षं मी संध्याकाळी थांबून परत कापत होतो. वाईट वाटेल म्हणून बोललो नाही कधी.”



“शांत झाला बघ,” मावशी म्हणाल्या. “चार मिनिटं.”

तेवढ्यात मालक हजेरीची वही घेऊन आले आणि तारीख टाकून ‘फिट’ असं लिहूनही मोकळे झाले. नाटक्या कंबर, कंबर म्हणत राहिला. मालक म्हणाले, तुझी नाटकं मला माहीत आहेत. जाड्याने खिशातून गोळी काढली. त्याचा मेहुणा म्हणे ती खाऊन कपाट उचलायचा. फुकटचं काहीही न सोडणाऱ्या नाटक्याने ती मात्र घेतली नाही. दुखण्याच्या काही गोळ्या फिटेला घरी जाऊन आमंत्रण देतात, विचारल्याशिवाय एकही घ्यायची नाही, असा डॉक्टरीणबाईंचा दम होता. मग मालकांनी त्यांनाच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

बाईंनी बरंच विचारलं. जीभ चावली का, कळ कुठून कुठे जाते. शेवटी म्हणाल्या, “तुमच्या फिटेतलं तुम्हाला कधीच काही आठवत नाही. मग पडल्यापासून आजूबाजूला कोण काय बोललं, ते सांगा.”

नाटक्याने आयुष्यात पहिल्यांदा बोलण्याआधी विचार केला. गप्प राहिलं तर फिट कायम, मशीन गेलं, पण सगळे म्हणणार, बिचारा, आजारपणाने घात केला. बोललं तर फिट नाही, आणि मशीन तरीही गेलं, तेही आपल्याच हाताच्या गुणाने. आजवर नापास झालेली परीक्षा, नातेवाइकांची बुडवलेली लग्नं, सगळं त्याने फिटेच्याच माथी मारलं होतं. तीही कधी तक्रार करायला आली नव्हती.

“मावशींच्या धाकट्या जावयाची नोकरी गेली,” तो म्हणाला. “आणि माझं कटिंग दोन सूत तिरकं असतं. अकरा वर्षं जाड्या परत कापत होता.”

जाड्याचा चेहरा खळीसारखा पांढरा पडला. मालकांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने फरशीकडे बघत मान हलवली.

“मग ही फिट नाही,” फोनमधून बाई म्हणाल्या. “उद्या या, पाय तपासते. ती मेहुण्याची गोळी नको.”

मालकांनी वहीतल्या ओळीवर काट मारली. मग पेन कानामागे खोचून विचारलं, मशीनचं काय करायचं ते तूच सांग. नाटक्या म्हणाला, जाड्याकडेच राहू दे, मला फक्त टेबल वीतभर उंच करून द्या.

मग गठ्ठ्याला टेकून, डावा पाय लांब करून त्याने बायकोला फोन केला. फिट आली नाही, दोन वर्षं शाबूत आहेत, मशीन मात्र गेलं, असं सांगितलं.

“फिट नाही, मग मशीन कशामुळे गेलं?” तिने विचारलं.

“माझ्यामुळे,” तो म्हणाला, आणि ते इतक्या अभिमानाने म्हणाला की फिट नक्की आली नव्हती ना, हे तिने मावशींना फोनवर बोलावून पुन्हा एकदा विचारून घेतलं.