काजळाच्या ठिपक्याची विहीर

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. सरहद्दीजवळच्या रातडिया ढाणीचा, म्हणजे वाळवंटातल्या बारा घरांच्या वस्तीचा. आता ओस शाळेच्या भिंतीवर एकटाच लटकतो. फळा आहे, पोरं नाहीत.

मोजणीदार उंटावरून आले आणि मी जन्मलो. एकेका टिब्याची, वाळूच्या टेकडीची, उंची त्यांनी माझ्यावर तपकिरी रेषांनी काढली. निळा रंग पाण्यासाठी ठेवला. पण इथली रीत अशी, की गोड्या विहिरीचं तोंड लाकडांनी झाकायचं, वर काटे आणि वाळू पसरायची. परक्याला काही दिसत नाही.

"माजी, पाणी कुठलं पिता?" मोजणीदाराने विचारलं.

धापूमाजी, म्हणजे धापूआजी, ढाणीत सगळ्यांत थोरली, आणि जिभेची तिखट. "दव चाटतो," ती म्हणाली. "तुझा उंट आमचं महिन्याचं पाणी एका दमात ओढील. ताक घे आणि वाट धर."

बायका ओढणीआड हसल्या. मोजणीदार त्याच काट्यांशेजारी बसून ताक प्यायला आणि त्याने लिहिलं : पाणी नाही.

पुढे साहेबलोक मला खाटेवर पसरायचे, वाखाणायचे. मी फुशारलो. वाळू सरकत गेली, माझ्या रेषा मात्र तिथेच राहिल्या. मग मला शाळेत टांगलं, आणि कुणी वर बघेनासं झालं.

एके दिवशी एका अधिकाऱ्याने मला पुन्हा उतरवलं. "इथे पाणीच नाही. ढाणी हलवा."

धापूमाजीने आपल्या हातांनी काटे उपसले. लोटा भरून त्याच्यापुढे धरला. तो घटाघटा प्यायला.

"गोड आहे, माजी. पण नकाशात नाही. हुकूम निघालाय."

"मेल्या, घशाखाली उतरला तो काय कागद होता?"

त्याने रिकामा लोटा परत दिला. हुकूम फिरला नाही.

ट्रक आले त्या सकाळी माजी शाळेत आली. जन्मात कधी 'चुकले' न म्हटलेली बाई. "सूनबाई, इकडे बघ," म्हणत तिने सुनेच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि माझ्यावर, विहिरीच्या जागी, एक ठिपका टेकवला.

"खोटं मी बोलले," ती मला म्हणाली, "आणि तोंड तुझं काळं झालं."

मग ट्रक गेले. तेव्हापासून वाऱ्याशिवाय मला कुणी हात लावलेला नाही.

मित्रांनो, तहानेने इकडे आलात, तर माझ्यावर निळा रंग शोधू नका. काळा ठिपका बघा, पोटभर प्या. जाताना मात्र काटे नीट झाका. माजी परत आली, तर तिला विहीर उघडी दिसता कामा नये.