बाबांच्या हाताआधी

यारेली परीक्षेत नापास झाली, आणि तेही तालात. एलेआझार क्लॅरिनेटवाल्याची पोरगी तालात नापास, हे ऐकून तिच्या आईला, रोसेंदाला, घाम फुटला.

त्यांच्या डोंगरातल्या गावात वाद्याला हात लावण्याआधी पोरांना वर्षभर नुसतं गावं लागतं. फळ्यावरची स्वरलिपी वाचायची, हाताने ताल द्यायचा आणि दो-रे-मी म्हणायचं. मग संगीतकारांची संत सेसिलिया, तिच्या सणाला बँडचे फिदेन्सियो मास्तर ज्याचं त्याला वाद्य देतात. वाद्यं गावाच्या मालकीची. एलेआझार कामासाठी लॉस एंजेलिसला गेला तेव्हा त्याचं क्लॅरिनेट बँडच्या खोलीत परत गेलं होतं. यंदा ते यारेलीला मिळायचं होतं. आता मास्तर म्हणत होते, सणाच्या आदल्या दिवशी एकदा पुन्हा ऐकतो. तेव्हाही हीच गत असेल तर क्लॅरिनेट दुसऱ्या पोराला.

"सगळ्यांच्या आधी सुटते तुझी पोर," मास्तर म्हणाले. "सूर चोख आहे, पण बँड म्हणजे काय शर्यत आहे का? हे सगळं त्या फोनचं काम."

रोसेंदाला ते झोंबलं, कारण फोनच्या बाबतीत गावात आपल्याइतकं शहाणं कोणी नाही असा तिचा समज होता. शेजारपाजारची पोरं पायजमा घातलेल्या मांजरांचे नाच बघत तासन्‌तास लोळायची. तिच्या घरी तसलं काही नव्हतं. खेळ अर्धा तास, आणि रोज संध्याकाळी पाचला बाबांबरोबर रियाज. तिकडे एलेआझार हॉटेलच्या मागच्या दाराशी भाजीच्या खोक्यावर बसून ताल द्यायचा, इकडे यारेली गायची, आणि रोसेंदा चुलीपाशी मक्याच्या भाकऱ्या थापत ऐकायची. फोनवर कधी कोणी संगीत शिकलंय का, असं नणंद वर्षभर विचारत होती. तिला आता आयतंच कोलीत मिळालं.

रागाच्या भरात रोसेंदाने फोन कपाटात कोंबायचं ठरवलं. मग वाटलं, कोंबण्याआधी एकदा नीट बघावं तरी. कारण वर्षभरात ती त्या दोघांच्या शेजारी कधी बसलीच नव्हती. फोन चांगल्या कामाला लावून दिला की आपण सुटलो, असं ती धरून चालली होती.

त्या संध्याकाळी पीठ झाकून ती लेकीला खेटून बसली. फोनवर एलेआझारचा हात वर गेला, आणि तो खाली यायच्या आत यारेलीने सूर लावला. पुन्हा तेच. दर वेळी पोर हाताच्या थोडी पुढेच. आणि तिकडे बाप खुशीत मान डोलवतोय, "अगदी बरोबर, चालू दे."

रोसेंदाने फोनवर तळहात ठेवला. "बाबांचा हात पडायच्या आधीच का सुरू करतेस गं?"

यारेली स्वेटरची बाही चघळत राहिली. मग म्हणाली, "नाहीतर ते म्हणतात, मागे पडलीस. आधी रोज म्हणायचे. इथून तिथे आवाज पोचायला वेळ लागतो ना. मी थोडं आधी गायले की त्यांना बरोबर वाटतं."

"मग सांगायचं नाही का त्यांना?"

"सांगितलं तर त्यांना कळेल ना, की आम्ही एकत्र गात नाही."

रोसेंदाला गलबलून आलं. नऊ वर्षांची पोर वर्षभर बापासाठी पुढे पळत होती, आणि ते दिसायला आईला ती नापास व्हावी लागली. स्वतःचा तिला मनस्वी राग आला.

तिने तळहात काढला आणि एलेआझारला सगळं सांगितलं. तो खोक्यावरून उठला, परत बसला. शेवटी म्हणाला, "म्हणजे मागे होतो मी, आणि बोलणी खात होती ही."

"ते मनाला लावून घ्यायला पुढे अख्खं वर्ष पडलंय," रोसेंदा म्हणाली. "पोरीला कसं सावरायचं ते सांग."

ताल देणं बंद करायचं, असं त्यानेच ठरवलं. ताल यारेलीने स्वतःच्या मांडीवर द्यायचा आणि गायचं. त्याने नुसतं ऐकायचं, बोलायचं ते सगळं झाल्यावर. बोलायला सोपं होतं. त्याचा हात आपोआप वर जायचा आणि रोसेंदा त्याला लहान पोरासारखं दटावायची. यारेलीची सवयही जाता जाईना. रोसेंदाला स्वरलिपीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण रोज शेजारी बसून चौथ्या-पाचव्या दिवसापासून पोर कुठे निसटते ते तिला ऐकू यायला लागलं. तिथे आली की ती लेकीच्या गुडघ्यावर हलकेच बोट ठेवायची.

सणाच्या आदल्या दिवशी बँडच्या खोलीत मास्तर छडीने टेबलावर ताल देत होते. आज गुडघ्यावर बोट ठेवायला कोणी नव्हतं. रोसेंदा दारात उभी होती. मधे एक लांब विराम आला. यारेलीचं तोंड उघडलं, रोसेंदाचं बोट आपोआप उचललं गेलं, आणि पोरीने तोंड मिटलं. मग छडीबरोबर, अगदी छडीबरोबरच, सूर लागला.

मास्तर शाबास वगैरे काही म्हणाले नाहीत. रोसेंदाने सकाळीच त्यांना सगळी हकीकत सांगितली होती, तेव्हाही ते नुसते हुंकारले होते. त्यांनी खुंटीवरचं क्लॅरिनेट काढलं, पुसलं, सणाची वाट न बघता यारेलीच्या हातात दिलं आणि रोसेंदाला म्हणाले, "फोन लाव. त्यालाही ऐकू दे."

यारेलीने गाल फुगवून फुंकर मारली. बदक ओरडावं तसा आवाज निघाला आणि खोलीतली सगळी पोरं फिदीफिदी हसली. ती मात्र हसली नाही. फोनकडे बघत गप्प उभी राहिली. क्षणभराने तिकडून बाबांचं हसू आलं, तेव्हा तीही त्यांच्याबरोबर हसली.