हिरव्या लुगड्याचा बावटा

देवव्रत सरांच्या सिनेमात प्रेमाला रंग असतो. हिरोइन प्रेमात पडली की हिरवी, रुसली की फिकी, आणि तिचा माणूस समुद्रातून परत आला नाही की पांढरीफटक. कपडेपट माझ्याकडे, त्यामुळे हे सगळं मी रोज ऐकते आणि मनातल्या मनात हसते. वेसाव्याच्या कोळी पोरीला समुद्राची भीती रंगवून दाखवायची गरज नाही.

सिनेमातलं हिरवं लुगडं माझ्या मंजुळावहिनीचं, लग्नातलं. बाजारातली सगळी सरांना खोटी वाटली. याचा तर पदरही फाटका, म्हणून जास्तच आवडलं. त्या पदराची पट्टी वहिनीनं मुद्दाम फाडून तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे माझ्या भावाच्या, प्रज्योतदादूसच्या बोटीवर बावटा म्हणून बांधलीय. लांबून हिरवं दिसलं की आपला माणूस आला, एवढं सोपं.

शेवटच्या सीनचं शूटिंग आमच्याच बंदराशेजारी होतं. ऐन वेळी सरांच्या डोक्यात किडा वळवळला.

"कल्पिता, पांढरी साडी कॅन्सल. हेच लुगडं ब्लीचमध्ये टाकू. कॅमेऱ्यासमोर रंग उतरू दे. झकास दिसेल!"

"सर, ते वहिनीला परत द्यायचंय."

"नवीन घेऊन देऊ ना यार! आधी एक कोपरा बुडवून बघ."

मी कोपरा बुडवला. बघता बघता तो पांढरा पडला. दादूसची बोट कालच यायला हवी होती. सकाळपासून वारा सुटला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. नवससायास, दृष्ट, यातलं मी काही मानत नाही. तरी मी कोपरा झटकन बाहेर ओढला. याच कापडाचा तुकडा आत्ता भर समुद्रात होता, आणि इथे मी त्याचा रंग काढत बसले होते.

"टाक ना सगळं!" सर ओरडले.

मी लुगडं छातीशी धरलं आणि बंदराकडे पळत सुटले. मागून सर काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. काम गेलं, एवढं कळलं.

वहिनी धक्क्यावर उभी होती. तिनं माझ्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. एक बोट आली, लाल बावट्याची. मग पिवळ्याची. हिरवं कुठेच दिसेना. मग आणखी एक बोट दिसली. तिच्या काठीवर पांढरं फडफडत होतं.

मी डोळे गच्च मिटले.

"आला गो!" वहिनी ओरडली.

"वहिनी, अगं, पांढरा आहे तो..."

"मग काय हिरवा राहील? नारळी पुनवेपासून उन्हात हाय. तू कधी येतेस बंदरावर बघायला?"

दादूस उतरला. इंजिन बंद पडलं होतं, दुसऱ्या बोटीनं मदत केली, असं काहीतरी सांगत होता. मी चारचौघांत भोकाड पसरलं.

वहिनीनं माझ्या हातातलं लुगडं घेऊन उलगडलं. पांढरा कोपरा तिला दिसला. आता माझं काही खरं नाही, असं मला वाटलं. तिनं दुसरं टोक दातात धरलं आणि टर्रकन हिरवी पट्टी फाडली.

"बांध," ती दादूसला म्हणाली. "उद्या परत जायचंय ना."