दोन विमानतळांमधले चाळीस किलोमीटर

पोरीला नागपूरला विमानात बसवून गावाकडे परतताना कारंजा लाडला चहासाठी गाडी थांबवली तेव्हा पावणेतीन झाले होते. पहिला घोट घेतला आणि लेकीचा, वैष्णवीचा, मुंबईहून फोन आला.

"बाबा, हे थे विमानतळ नोहोय! मुंबईत दोन हायेत. माहं जर्मनीचं विमान दुसऱ्यावरून हाय. चाळीस किलोमीटर लांब."

चार वाजता तिकडची सामान घ्यायची खिडकी बंद होणार होती. नर्सच्या या नोकरीसाठी पोरीने दोन वर्षं जर्मन भाषा घोकली. सोमवारी हजर झाली नाही तर नोकरी गेली.

चूक कोणाची हे विचारायलाच नको. मुंबईपर्यंतचं आधीचं तिकीट आदल्या दिवसाचं होतं, नागपूरहून थेट जर्मनीचं विमान सुटतं त्याच विमानतळावर. पण त्या दिवशी अमावस्या. आमच्या घरात अमावस्येला कोणी बैलसुद्धा विकत आणत नाही, अन् मी पोटची पोर परदेशी धाडू? रिसोडला जाऊन मी तिकीट बदलून आणलं. तिकिटाचा दुकानदार म्हणाला होता, "काका, हे नवी मुंबईले उतरते." मी ऐटीत म्हटलं, "नवी काय अन् जुनी काय, मुंबई ते मुंबई." शहाणपण दाखवायची हौस भारी मला!

"घ्या, दाखवा आता अमावस्या," बायको कस्तुराबाई कडाडली अन् लगेच पदर डोळ्याला लावला.

आमचा ड्रायव्हर धरमसिंग धीर देऊ लागला. "चाळीसच ना काका? कारंजा ते मंगरूळपीर समजा. पाऊण घंटा."

मला हायसं वाटलं. मी वैष्णवीला तेच सांगितलं.

"बाबा, टॅक्सीवाले सवा घंटा म्हणून राह्यले. इथं मंगरूळपीर नाही."

मग मी दर पाच मिनिटांनी फोन लावू लागलो. सव्वातीनला ती खाडीवरच्या पुलावर होती. साडेतीनला अजून वीस किलोमीटर राहिले होते. पावणेचारला तेरा.

"पोरी, राहू दे. परत ये," मी म्हणालो.

"बाबा, तुमी घडीघडी फोन कायले करता? रस्ता पाहू द्या मले!"

कस्तुराबाईने माझ्या हातातून मोबाइल हिसकावून घेतला. चार वाजले. चार वाजून दहा झाले. चहावाल्याने दुकानातला देव दाखवला, मी तिथेही हात जोडले.

सव्वाचारला फोन वाजला. वैष्णवी धापा टाकत होती. "बाबा, घेतलं त्याइनं मले! खिडकी बंदच करून राह्यले होते. बॅग आत गेली. मीच शेवटची."

कस्तुराबाई खाली बसली अन् ढसाढसा रडली. धरमसिंगने पुन्हा चहा सांगितला. मी हसत विचारलं, "अन् आता तिथून जर्मनी किती लांब?"

"साडेसहा हजार किलोमीटर असंन, बाबा."

दुपारपासून माझा जीव त्या चाळीसातच अडकला होता. साडेसहा हजारांचा विचार मी एकदाही केला नव्हता.

"सगळे आत चालले बाबा. ठेवू फोन?"

तिला पोचवण्यासाठी मी देव पाण्यात ठेवले होते, अन् आता 'ठेव' हा एक शब्द तोंडातून फुटेना.