कॅमेऱ्यासमोरची गाठ

"काका, कॅमेऱ्याकडे नका बघू. हाताकडे बघा," निलेश म्हणाला.

"चाळीस वर्षांत हाताकडे बघून कधी विणलां नाय मी. तूच बघ," रावजी गुरकावले.

मिरकरवाड्याच्या जेटीमागच्या शेडमध्ये पुण्याहून आलेल्या या पोराने सकाळपासून दिवे आणि तारा पसरून ठेवल्या होत्या. रावजींना त्या प्रत्येक तारेचा राग येत होता.

गेली अकरा वर्षं आपलं सरकार परदेशांना मदत म्हणून तिकडचे मच्छीमार रत्नागिरीला आणायचं. पंधरा दिवस त्यांना जाळं विणायला शिकवायचे ते रावजी. भाषा कुणाची कुणाला कळत नसे. रावजी मागे बसून त्यांची बोटं आपल्या बोटांत धरायचे, चुकलं की मनगटावर चापट. मोझांबिकचा एक दांडगा गडी तर निघताना हमसून रडला होता. त्या पंधरा दिवसांच्या जोरावर रावजी वर्षभर बंदरात ताठ चालत.

यंदा दिल्लीने या मदतीत सुधारणा केली. माणसं आणायला खर्च फार, व्हिडिओ पाठवा! उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना जाळं काय आणि पडदा काय, सारखंच.

"एकदा शूट झालं की कायमचं काम झालं," निलेश उत्साहाने म्हणाला.

"म्हणजे माझां श्राद्ध माझ्याच हातान घालून घेतोस."

निलेश कसंनुसं हसला. रावजींनी सुई उचलली आणि मुद्दाम दोरा उलट्या बाजूने ओढून गाठ मारली. ही गाठ दिसते तंतोतंत खरी, पण वजन आलं की सरकते. बंदरातल्या शेंबड्या पोरानेही ओळखली असती.

"एक नंबर, काका! झालं."

रावजींना आधी आसुरी आनंद झाला. घ्या म्हणावं, पाठवा आता देशोदेशी! मग त्यांच्या डोळ्यांपुढे कुठल्याशा किनाऱ्यावरचा एक माणूस आला. भरलेलं जाळं ओढतोय, गाठी सरकताहेत, आणि मासळी डोळ्यांदेखत पाण्यात चाललीय. त्याने दिल्लीचं काय वाकडं केलं होतं? रावजींना स्वतःचीच लाज वाटली.

"पूस तां," ते म्हणाले.

"का? छान आलंय की."

"खोटां हाय. पूस, परत घे."

या वेळी त्यांनी गाठ नीट मारली, सावकाश, प्रत्येक वळसा दाखवत. शेवटी दोन्ही हातांनी कचकन ओढली. ती जागची हलली नाही. आता रावजींची कुणाला गरज उरली नव्हती.

ते कॅमेऱ्याच्या काचेकडे झुकले. "असां ओढून बघ हां बाबा. आणि नाय जमलां तर ये हिकडे. मी हाय."

निलेशने कॅमेरा बंद केला. "काका, आवाज आम्ही काढून टाकणार आहोत."

"बरां," रावजी म्हणाले आणि खाली पडलेले दोऱ्याचे तुकडे वेचू लागले.