कोऱ्या पानाची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी, निळ्या पुठ्ठ्याची कामाची पुस्तिका आहे, आणि आज मी गोड बोलणार नाही. माझ्या आत जेनिवाल्दो नावाच्या वेल्डरचा फोटो आहे. मालकाने कामावर घेतले की माझ्या पानावर शिक्का मारून सही करायची आणि काढले की तारीख घालायची, अशी आमच्या ब्राझीलमधली रीत. आता बहुतेक सगळे मोबाईलवर आले आहे. तरी पन्नाशीच्या माणसांचा जीव अजून आमच्यातच अडकलेला.

त्याला कारण आहे. जेनिवाल्दो वीस वर्षांचा असताना पोलिसांनी त्याला आणि त्याच्या मित्राला रस्त्यात अडवले. जेनिवाल्दोने मला पुढे केले. शिक्का पाहून पोलीस म्हणाले, "कामाचा माणूस आहे, सोडा." मित्राकडे पुस्तिका नव्हती. त्याला रिकामटेकडा म्हणून गाडीत कोंबले. त्या दिवसापासून जेनिवाल्दो मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या खिशात बाळगू लागला. मीही फुगले. माणूस माझ्यामुळे माणूस ठरतो, असे मला खरेच वाटायचे. लाज वाटते आता.

बावीस वर्षे त्याने जहाजांच्या कारखान्यात काम केले. मग कारखान्याला टाळे लागले आणि माझ्या पानावर शेवटची तारीख पडली. सुदैवाने गावच्या पालिकेने तेव्हा सगळ्यांना लाल कार्ड दिले होते. नोकरी असो नसो, गरीब असो श्रीमंत, दर महिन्याला प्रत्येकाच्या कार्डावर सारखी रक्कम यायची आणि ती गावातल्याच दुकानांत खर्च करायची. जेनिवाल्दो आणि त्याची बायको लिंदाल्वा यांची चूल त्या दोन कार्डांवर नीट पेटत होती.

पण पाव आणायला बेकरीत जावे लागे, आणि बेकरीत आन्सेल्मो होता.

"या, या, पालिकेचे जावईबापू!" तो भर गर्दीत ओरडायचा. "नऊ वाजता पाव? कामावरची माणसं सहालाच नेतात हो!"

लोक खो खो हसायचे. हाच आन्सेल्मो स्वतःच्या लाल कार्डावर दर रविवारी मासळी आणायचा. आपल्या कार्डाला तो हक्क म्हणायचा आणि जेनिवाल्दोच्या कार्डाला भीक. असल्या माणसाचा मला संताप येतो.

एकदा जेनिवाल्दोला राहवले नाही. त्याने मला काउंटरवर आपटले. "बावीस वर्षं घाम गाळलाय मी! बघ हे शिक्के!"

आन्सेल्मोने पीठ लागलेल्या बोटांनी पान उलटले. "आणि हे पुढचं? कोरं आहे की रे हे."

घरी लिंदाल्वा म्हणाली, "त्याच्या तोंडाला कशाला लागतोस? घर चालतंय ना? चांगलं काम मिळेपर्यंत थांब की जरा."

"लोक काय म्हणतात ऐकलंस का?"

"म्हणू देत. लोक आणून देतात का आपल्याला पाव?"

तिचे त्याने ऐकले नाही. ते कोरे पान त्याला खात होते. खाडीकाठी तार्सिझिओ नावाचा मुकादम जुनी जहाजे तोडून पत्रा विकायचा. जेनिवाल्दो त्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"पुस्तिका ठेवून जा दादा," तार्सिझिओ मधाळ आवाजात म्हणाला. "एक तारखेला शिक्का मारतो."

त्याने मला टेबलाच्या खणात टाकले. तिथे माझ्यासारख्या सात जणी आधीच होत्या, शिक्क्याची वाट पाहत. एक तारीख आली, गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. मालकाच्या हाती पुस्तिका अडकली की माणूस अडकतो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी शिक्क्यासाठी लोक ती देतातच.

शिक्क्याविनाच राबणारा जेनिवाल्दो पाचव्या महिन्यात तार्सिझिओच्या खोलीत आला. मी खणातून ऐकत होते.

"मुकादम, वरची साखळी झिजलीय. आज पत्रा उचलायला नको."

"नको तर घरी जा. बस कार्ड चाटत!"

त्याच्या खिशात घर चालवणारे कार्ड होते. 'जातो' एवढेच म्हणायचे होते. मी आतून तडफडत होते, म्हण रे बाबा, म्हण! तो वळला आणि साखळीखाली जाऊन उभा राहिला.

दुपारी साखळी तुटली. पत्रा त्याच्या उजव्या हातावर पडला, आणि डॉक्टरांना तो मनगटापासून कापावा लागला.

भरपाई मागायला लिंदाल्वा आली तेव्हा तार्सिझिओने खण उघडला आणि मला तिच्या पुढ्यात धरले. "जेनिवाल्दो? पुस्तिका ठेवून गेला होता, पण कामावर घेतलाच नव्हता मी त्याला. बघा ना, बाई, पान कोरं आहे."

बावीस वर्षे ज्याने मला छातीशी धरले, त्याच्याविरुद्ध मला साक्षीला उभे केले होते. मला जाळले असते तरी बरे झाले असते.

लिंदाल्वाने मला त्याच्या हातातून हिसकावले. "कोर्टात भेटू, मेल्या!" असे म्हणून ती निघाली. वाटेत पाव घ्यायला बेकरीत थांबली. तिला पाहून आन्सेल्मोने टोपी काढली.

"वाईट झालं हो, वहिनी. फार कष्टाळू माणूस."

लिंदाल्वाने लाल कार्ड काउंटरवर ठेवले.

"दोन्ही हात धड होते तेव्हा रिकामटेकडा म्हणालास," ती म्हणाली. "आता एक गेला, तर कष्टाळू झाला होय रे?"

आन्सेल्मोने मान खाली घालून पाव बांधले. हसायला कोणी पुढे आले नाही.

मित्रांनो, तुमच्या गल्लीतही कोणी घरी बसलेला असेल. त्याला टोमणा मारण्याआधी आपली जीभ चावा. आणि माझ्यासारख्या पुस्तिका उगाच जपत बसू नका. मी फाटले तर सरकारी खिडकीवर नवी मिळते. जेनिवाल्दोला हात कोणत्या खिडकीवर मिळणार आहे?