तळ्याकडची खिडकी
इंग्लंडात सफोकमधल्या आमच्या शेतघराचा इतिहास लिहायला आलेले गर्लिंगसाहेब मागच्या भिंतीतली बुजवलेली खिडकी पाहून म्हणाले, “पूर्वी खिडक्यांवर कर होता. तो चुकवायला बुजवली असणार.”

बुजवलेली खिडकी दिसली की सगळे शहाणे हेच सांगतात.

“चष्मा पुसा, साहेब,” मी म्हणाले. “भिंतीच्या विटा हातानं थापलेल्या आहेत, खिडकीतल्या या यंत्रावरच्या. कर उठून शंभर वर्षं झाल्यावर माझ्या बापानं लावल्यात. इथून तळं दिसायचं. माझा भाऊ विल्फ्रेड त्यात बुडाल्यापासून आई दिवसभर या खिडकीत उभी असायची.”

“मग बुजवल्यावर तिथून हलल्या का तुमच्या आई?”

“शेवटची वीट बसेपर्यंत आतून बघत होती. दुसऱ्या दिवशीही तिथंच उभी राहिली, विटांकडे तोंड करून. मरेपर्यंत.”